मधातले दिवस

बुलढाण्यातल्या त्या काळच्या कुठल्याही घरातला जुना अल्बम काढून बघा. नवी जोडपी, मांडीवर बाळ घेतलेल्या आया, पागोटं घातलेले आजोबा, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव सापडेल. काहीतरी आठवायचा प्रयत्न चालला आहे आणि ते थोडंथोडं आठवतंही आहे. नवख्या माणसाला वाटेल, या गावात सगळेच थोर विचारवंत राहत होते की काय. तसं काही नव्हतं. ती सगळी माणसं कालची भाजी आठवत होती.

ही दिगूभाऊंची करामत. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि गिऱ्हाइकाला 'हसा' म्हणायचं नाही अशी त्यांनी जणू शपथ घेतली होती. "हसा म्हटलं का माणूस दात दाखवते," ते म्हणायचे. "दात पाहाले दाताचा डाक्तर हाये. मले माणूस पायजे." मग काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर काढून ते अगदी सहज विचारायचे, "काल सांजले काय भाजी होती हो?" माणूस आठवायला लागला की यांनी फोटो काढलाच म्हणून समजा.

आमच्या कुटुंबाचा फोटोही तसाच निघाला. वडील कोर्टात कारकून, सिन्नरहून बदली होऊन आलेले. मी बारा वर्षांची होते. भाजीचा प्रश्न येताच वडील म्हणाले, "मेथी." आई म्हणाली, "मेथी परवा. काल दोडका केला होता, तुमचं लक्ष कुठे असतं?" त्या फोटोत वडील अपराधी दिसतात, आई त्यांच्याकडे रागाने बघते आहे आणि मी मधे बसून दोघांकडे एकदम बघायच्या नादात किंचित तिरळी झाले आहे. आईने तो फोटो नापास केला. दिगूभाऊंनी शांतपणे सांगितलं, "ताई, पंधरा वर्सानं पाहा." पंधरा वर्षांनी आईनेच त्याला चौकट करून घेतली.

दिगूभाऊ उंच होते, काटकुळे होते, आणि औषधांच्या पाण्यात सतत बुडून त्यांची बोटं कात लागल्यासारखी तपकिरी झाली होती. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. घरात ते आणि त्यांची बायको, सुमनमावशी. दोघांना सिनेमाचा भारी नाद. मोताळ्याच्या बाजाराला तंबूतला सिनेमा आला की दोघं बसने जायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून दिगूभाऊ त्या सिनेमावर चिडायचे. मारामारी, नाचगाणी, पुनर्जन्म, सगळं त्यांना चालायचं. एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात जायची.

"लहानगं पोट्टं धावते. धावते, धावते, त्याचे पाय दाखवतात, अन् चार पावलांत त्याचा बाप्या होते. मिशीसकट! मले सांगा, मधातले दिवस कुठी गेले? आपल्याले तर लय वर्सं लागली बाप्पा. मले तर अजून सरल्यासारखी वाटत नाहीत."

मधात म्हणजे मध्ये. वऱ्हाडात आल्यावर मी शिकलेला तो बहुधा पहिला शब्द, आणि तो मला शिकवला कमलने. कमल देऊळघाटची. घरचा भाजीपाल्याचा मळा. सकाळच्या बसने ती शाळेत यायची आणि माझ्या बाकावर बसायची. पहिल्याच दिवशी तिने मला ढकलून सांगितलं, "सरक वं, मधात नोको बसू." मी सरकले आणि त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकींपासून कधी सरकलो नाही, एक पावसाळा सोडला तर. त्या पावसाळ्याचं पुढे येईलच.

एका निवृत्त इंजिनियरने गाव सोडताना दिगूभाऊंना एक पेटी विकली. तिच्यात किल्लीचा छोटा सिनेमा-कॅमेरा होता आणि पडद्यावर चित्र पाडायचं यंत्रही होतं. किल्ली पिळली की घड्याळासारखा कॅमेरा अर्धा मिनिट चालायचा आणि गप्प व्हायचा. आवाज नाही. रीळ धुवायला टपालाने मुंबईला पाठवायचं आणि महिनाभर वाट बघायची. दुसऱ्या कुणी त्यात नातवंडांची बारशी आणि जावयाची मोटरसायकल टिपली असती. दिगूभाऊंनी ठरवलं, आपण मधातल्या दिवसांचा सिनेमा काढायचा. आणि त्यासाठी त्यांनी निवडल्या मी आणि कमल. का निवडलं, असं मी पुढे एकदा विचारलं. म्हणाले, "तुमी दोघी स्टँडवर एका चपलेवरून भांडून राह्यल्या होत्या. चप्पल तिसऱ्याच पोरीची होती."

माझे वडील कोर्टात रोज नाना तऱ्हा बघणारे, त्यांनी परवानगी दिली. कमलच्या वडिलांचं, तुळशीरामदादांचं अवघड होतं. सिनेमा हा शब्द त्या घरात दारू या शब्दाशेजारी राहत होता. दिगूभाऊ सुमनमावशींना घेऊन मळ्यावर गेले. मीही सोबत होते.

"त्यात नाच नाही," दिगूभाऊंनी सांगितलं.

"बरं."

"गाणं नाही. हिरो नाही. रडणंबी नाही. पोरी जशा हायेत तशाच राह्यतीन. अन् आमची मंडळी रोज संगं बसतीन."

तुळशीरामदादांनी वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवलं. मग खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "मंग त्याले पिच्चर काऊन म्हणता?"

दिगूभाऊंना हे इतकं आवडलं की पुढे वर्षभर ते येईल त्याला सांगत होते, माझ्या पिक्चरची समीक्षा आधीच झाली आहे.

दर रविवारी दुपारी आमचं शूटिंग असे. शूटिंग हा शब्द आम्ही फार ऐटीत वापरायचो, पण करायचो काय, तर काही नाही. सुमनमावशींच्या ओसरीवर चिंचा खायच्या. कुणाची तरी सायकल उतारावरून सोडायची आणि पडायचं. एकदा मावशींची नऊवारी दोघींनी मिळून एकच नेसायचा प्रयत्न केला. कॅमेरा दिसला की मी पहिले काही रविवार मान वेळावून बोलायची. दिगूभाऊ किल्ली न पिळताच कॅमेरा खाली ठेवायचे. "शैलाबाई, तहान लागली का? पाणी प्या जाऊन." मी खरंच पाणी प्यायला गेले की मागे खर्रर्र आवाज सुरू व्हायचा.

एका रविवारी मी जुनाच परकर घालून गेले होते. वर्षभरात मी वितीएवढी वाढले होते, म्हणून आईने त्याची खालची दुमड उसवून तो लांब केला होता. जुन्या घडीची पांढरट रेघ त्यावर ठळक दिसत होती आणि मी ती लाजेने मुठीत धरून लपवत होते. दिगूभाऊ जमिनीवर पालथे झोपले आणि पूर्ण अर्धा मिनिट त्यांनी फक्त ती रेघ आणि माझी मूठ घेतली. सुमनमावशी ओरडल्या, "रीळ महाग हाये, अन् तुमी परकराच्या शिलाया काढून राह्यले?" दिगूभाऊ कपडे झटकत उठले. "मोठं व्हाचं म्हंजे खालून थोडं उसवा लागते," ते म्हणाले. मला तेव्हा वाटलं, हे शिवणकामाबद्दल बोलत आहेत.

मग तो पावसाळा आला. शाळेत मराठी शिकवायला पुण्याच्या एक नव्या बाई आल्या. जेमतेम बावीस वर्षांच्या असतील, गोऱ्या, नाजूक, स्वच्छ बोलणाऱ्या. आज कळतं, त्या बिचाऱ्या स्वतःच घरच्या आठवणीने हैराण असतील. तेव्हा मात्र मला त्या देवीसमान वाटत. त्यांच्या बोलण्यात मला माझं सोडून आलेलं घर ऐकू येई, आणि त्यांनी मला आपलं म्हणावं यासाठी मी जीव टाकत होते.

एके दिवशी कमल उशिरा आली. दारातूनच म्हणाली, "बाई, मी शाळेत येऊनच राह्यली होती, पण बस बंद पडली."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "येऊन राहिली होतीस? शाळेत? म्हणजे मुक्कामाला?" वर्ग हसला. बाईंना वाटलं, आपण छान समजावतो आहोत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शैला, तू सांग बरं, हे शुद्ध कसं म्हणायचं?"

मी उठले. 'मी शाळेत येतच होते' एवढंच म्हणून मला बसता आलं असतं. पण मला बाईंना खूश करायचं होतं. मी आधी कमलचं वाक्य म्हटलं. तिच्या सुरात, मान तिच्यासारखी हलवून, शेवटचा स्वर तिच्यासारखा लांबवून. नक्कल मला चांगली जमायची, दोन वर्षं तीच भाषा तिच्याकडून शिकले होते ना. वर्ग पोट धरून हसला. बाईसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसल्या. हसली नाही ती फक्त कमल. ती येऊन मागच्या बाकावर बसली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. एवढंच असतं तरी निभावलं असतं. ती वर्गात कुणाशीच बोलेना. उत्तर येत असलं तरी हात वर करीना. बाईंनी उभं केलं तर मूग गिळून उभी राही. पहिल्या पाचांत येणारी मुलगी सहामाहीत कशीबशी पास झाली आणि तिच्या शेजारच्या मुलीकडून मला कळलं, ती घरी म्हणते आहे, दिवाळीनंतर शाळेत जाणार नाही, मळ्यातच बरं. रविवारचं शूटिंग तर बंदच पडलं होतं.

माझी तगमग व्हायला लागली. शेवटी एक युक्ती सुचली आणि मी स्टुडिओ गाठला. दिगूभाऊ एका नवरदेवाच्या फोटोवर ब्रशने मिशी दाट करत होते.

"दिगूभाऊ, आपण पिक्चरचा शेवट घेऊ या," मी म्हणाले. "दोघी मैत्रिणी भांडतात आणि मग निंबाखाली भेटतात, हातात हात घेतात. तुम्ही बोलावलंत तर कमल येईल. एकदा हात धरला की ती बोलेलच."

ते मिशी रंगवतच राहिले. "चुकी कुठी केली होती?"

"वर्गात."

"मंग माह्या दुकानात काय धुंडून राह्यली?"

मी रडायला लागले. त्यांनी ब्रश धुतला, हात पुसले आणि समोर स्टूल ओढून बसले. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यासमोर स्टूल ओढून बसणं मला तेव्हा फार मोठं वाटलं.

"हे पाहा शैले. पिक्चरसाठी माफी मांगशीन तर माफी नासते, अन् माफीसाठी पिक्चर काढीन तर पिक्चर नासते. दोन्हीचा सत्यानास मी काऊन करू?"

"पण मग तुमचा पिक्चर अर्धाच राहील."

"राह्यला तर राह्यला. पिच्चरच हाये ते. कमल अर्धी राह्यली तर काय करतं?"

दुसऱ्या दिवशी सुटी होती. मी आईला सांगून देऊळघाटच्या बसमध्ये बसले. कमल मळ्यात वांगी तोडत होती. तिने मला पाहिलं आणि पुन्हा वाफ्यात वाकली. मीही परकर खोचून शेजारच्या ओळीत वाकले. वांग्याच्या देठाला काटे असतात हे मला ताटातली भाजी खाऊन कधी कळलं नव्हतं. दोन ओळी संपेपर्यंत माझी बोटं सोलून निघाली. मग मी धीर केला आणि तिच्या बोलीतच म्हणाले, "कमल, मले माफ कर वं. माह्याकून लय मोठी चुकी झाली."

कमल उभी राहिली. "तू आपल्या बोलीत बोल," ती म्हणाली. "माह्या बोलीत माफी मांगू नोको. मले अजून नक्कलच वाटते."

कुणी कानफटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. ती बोली मला आपली वाटायला लागली होती, आणि मीच ती घालवून बसले होते. मग मी माझ्या भाषेत बोलले. अडखळत बोलले, कारण स्वतःच्या भाषेत आपल्याला लपायला जागा नसते. मी सांगितलं की बाई माझ्यावर खूश व्हाव्यात म्हणून मी तिला विकलं. कमलने ऐकून घेतलं. "हाव," एवढंच म्हणाली. मग टोपली माझ्या बाजूला सरकवून म्हणाली, "लहानी वांगी तोडू नोको. वाढू दे त्याईले."

दिवाळीनंतर कमल शाळेत आली. माझ्या बाकावर बसली. पण वर्गात तिचं तोंड काही उघडेना, आणि माझ्या माफीने ते उघडणारही नव्हतं. आम्ही रविवारी पुन्हा सुमनमावशींच्या ओसरीवर जायला लागलो. दिगूभाऊंनी काय झालं, कसं झालं, एका शब्दाने विचारलं नाही. थोडी रिळं उरली होती ती संपवली आणि कमलला एक पाटी आणि रंग देऊन म्हणाले, "तुह्या हातानं नाव लिही." तिने लिहिलं, 'मधातले दिवस'.

नाताळच्या सुटीत एका दुपारी स्टुडिओच्या दारं-खिडक्यांना घोंगड्या लावून खेळ झाला. आमची दोन्ही घरं आली होती. गल्लीतली मंडळी होती. आणि पहिल्या रांगेत, दिगूभाऊंनी मुद्दाम बोलावलेल्या पुण्याच्या बाई होत्या. त्यांना बघून कमल भिंतीला चिकटली.

पडद्यावर आम्ही चिंचा खाल्ल्या, सायकलवरून पडलो, माझ्या परकराची रेघ भिंतभर झाली आणि माझी आई पदराने डोळे टिपायला लागली. मग अचानक पडदा काळा झाला. यंत्र चालू होतं, चित्र नव्हतं. "दिवा गेला," कुणीतरी म्हणालं. "अहो, पट्टी तुटली." चुळबुळ सुरू झाली.

"काई तुटलं नाही," अंधारातून दिगूभाऊ म्हणाले. "बसा. पोरी एकमेकींशी बोलून नाही राह्यल्या. बोलतीन."

ज्या रविवारी आम्ही आलो नव्हतो, त्या प्रत्येक रविवारी हा माणूस ठरल्या वेळी ओसरीवर बसला होता. भिंगावर टोपण ठेवून त्याने थोडा थोडा कॅमेरा चालवला होता. तो दीड मिनिटांचा काळोख मला आजवर पाहिलेल्या सगळ्या सिनेमांहून लांब वाटला. शेजारी कमलने माझा हात धरला नाही. मीही धरला नाही. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. मग पडद्यावर उजेड आला आणि ओसरीवर आम्ही दोघी पुन्हा बसलेल्या दिसलो, दोन बोटं जास्त अंतर ठेवून.

घोंगड्या निघाल्या. बाई उठल्या. खरंच भारावल्या होत्या. "किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "आणि नाव तर फारच गोड सुचलंय हो तुम्हाला. मधातले दिवस! मधात बुडवून ठेवल्यासारखे दिवस!"

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईंना मध ऐकू आला होता. तुळशीरामदादांना हसू आवरेना, म्हणून ते खोकायला लागले. मी दिगूभाऊंकडे पाहिलं, ते सांगतील म्हणून. दिगूभाऊ रीळ गुंडाळत होते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं म्हणे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"बाई, मध नाही. मधात."

कमल पुढे आली होती. तिचा आवाज कापत होता, पण तिने तो खाली आणला नाही.

"मधात म्हंजे, लहानपण सरलं हाये अन् मोठेपण अजून आलं नाही. तिकडचे बी आपल्याले बोलवत नाहीत अन् इकडचे बी नाही. त्याच्या मधात. आमी तिथंच राहून राह्यलो सध्या."

आता वर्ग नव्हता, त्यामुळे कुणी हसलं नाही. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, "असं होय. मला माहीत नव्हतं." आणि मग, हे त्यांच्या मोठेपणासाठी सांगायलाच हवं, त्यांनी पर्समधून वही काढून कमलपुढे धरली. "लिहून दे मला. अजून काय काय शब्द आहेत तुमचे?"

कमल लिहायला बसली. दिगूभाऊ माझ्याजवळ येऊन पेटीचं झाकण लावत हळूच म्हणाले, "मुकाच होता माहा पिक्चर. आज त्याले आवाज आला."

दिगूभाऊंनी त्यानंतर दुसरा सिनेमा काढला नाही. विचारलं की म्हणायचे, "सांगाचं ते सांगून झालं." पुढची वीस वर्षं ते लोकांना कालची भाजी विचारत राहिले. मी नाशिकला मराठीची शिक्षिका झाले. कमल मॅट्रिक झाली, पुढे मळाही तिनेच सांभाळला आणि पंचायतीतही निवडून आली. तिच्या तोंडाला तहसीलदारसुद्धा बिचकून असतात, असं तिचा नवरा मोठ्या अभिमानाने सांगतो.

दिगूभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी निघाले. गावाने शोकसभा ठेवली होती. दोन-तीन पुढारी बोलले. मग मला बोलायला सांगितलं, कारण मी मराठीची शिक्षिका. मी दोन पानं लिहून नेली होती. उभी राहिले, कागद उघडला, आणि पहिलंच वाक्य दोनदा अर्धं वाचून सोडलं. लोक थांबले. मी कागदाची घडी घातली.

कमल खालून उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि माईक स्वतःकडे ओढला.

"पाळण्यातल्या लेकराले सबन गाव पाहाले येते," ती म्हणाली. "लग्नाच्या पोरीले पाहाले पाव्हणे येतात. तेरा-चवदा वर्साच्या पोट्टीकडं कोणी पाहत नाही. तिले पाणी आणाले सांगतात. या माणसानं आमच्याकडं पाह्यलं. दोन वर्सं पाह्यलं. अन् आमच्याकून काई मांगितलं नाही."

एवढं बोलून ती थांबली. सुमनमावशी पुढच्या रांगेत मान हलवत होत्या. माझ्या दोन पानांत यातलं एक वाक्यही नव्हतं. कमलने विचारलं, "तुले काई सांगाचं हाये का?" मी नाही म्हणाले. ती माझ्याही वाटचं बोलली होती.